वडिलांची जावा

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही चौघे शिक्षक जुन्या मोटारसायकलींवरून कोरगावाहून तेरेखोलच्या किल्ल्याकडे निघालो. आमच्याकडे वडिलांची, म्हैसुरात बनलेली जावा होती. परतल्यावर ती भंगारात द्यावयाची, असे घरी ठरले होते. तिच्या किकची दांडीच गिअरचे काम करते, याची सोबत्यांना मोठी मौज वाटली. केरीच्या अलीकडे एका चढावर मात्र ती बंद पडली. सोबती न कुरकुरता थांबले. आम्ही हत्यारांची पेटी उघडली, तो प्लग पुसावयाची चिंधी वडिलांनी घडी घालून ठेवलेली! तिनेच काजळी पुसली. गाडी सुरू झाली. फेरीबोटीने नदी ओलांडून किल्ल्यावर पोहोचलो. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी येथे तिरंगा फडकविला होता. घरी येताच आम्ही भंगारवाल्यास नकार कळविला आणि ती चिंधी घडी घालून पुन्हा पेटीत ठेविली.