तीन प्रती

घाटंजी,
५ नोव्हेंबर २०२५

चि. सायली,

तुझी लांबलचक मेल प्रिंट काढून वाचली. झेरॉक्सच्या दुकानात बसणाऱ्या बाईने आणखी काय करावं! वॉशिंग मशीन तिसऱ्या वर्षी बंद पडलं आणि लिस्बनच्या दुकानदाराने एक पैसा न घेता ते नीट करून दिलं, हे तू ज्या थाटात लिहिलंस त्यावरून वाटलं, त्या दुकानाची निम्मी भागीदारीच तुझ्याकडे आली. तिथे पोर्तुगालात २०२२ पासून नव्या वस्तूला तीन वर्षांची हमी कायद्यानेच मिळते म्हणतेस. आपल्याकडे हमी किती द्यायची ते कंपनी ठरवते, आणि बहुतेक कंपन्यांचा उदारपणा वर्षभरात आटोपतो.

पण माझं मन अडकलं ते तू लिहिलेल्या तिथल्या तक्रारवहीत. हॉटेल असो, सलून असो की मोबाइलचं दुकान, प्रत्येकाकडे ती असलीच पाहिजे. गिऱ्हाइकाने मागितली की तिथल्या तिथे द्यायची, नाही दिली तर पोलिसाला बोलावता येतं. आणि एका तक्रारीच्या तीन प्रती. एक सरकारी खात्याकडे जाते, एक दुकानात राहते, एक गिऱ्हाइकाच्या हातात. आता ती ऑनलाइनही आहे, तरी कागदाची वही त्यांनी उचलून टाकली नाही. एसटी स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीशी आपल्याकडेही तक्रार पुस्तक असतं, पण ते मागताना माणसाचा आवाज खाली जातो. तुझ्या तिथे तो दुकानदाराचा जात असेल.

तू विचारलंस, ‘आत्या, आपल्याकडे असं का नाही?’ आपण मागे होतो म्हणून नाही, बरं का. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत १९७४ साली उभी केली. तुझ्या तिथली ग्राहकांची मोठी संघटनाही त्याच वर्षीची. १९८६ ला आपला ग्राहक संरक्षण कायदा आला, २०१९ ला नवा झाला आणि जुलै २०२० पासून लागू आहे. तो मी नीट वाचलाय, कारण लोक माझ्याकडून त्याचे फॉर्म भरून घेतात. कंपनी दिल्लीची असो की बंगळुरूची, तक्रार करणारा घाटंजीचा असला तर प्रकरण यवतमाळच्या जिल्हा आयोगात चालतं. वस्तूपोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा, तोही ऑनलाइन. वाचताना वाटतं, आणखी काय हवं माणसाला?

मग फॉर्ममध्ये येतं, बिल जोडा. आणि समोरचा माणूस माझ्याकडे पाहतो.

बिलाची गोष्ट तुला बियाण्याच्या दुकानातून सांगते. कपाशीच्या बीटी बियाण्याचं पाकीट, ४७५ ग्रॅमचं, सरकारने ठरवलेल्या भावाने या वर्षी ९०१ रुपयांना होतं. मृगाच्या आधी गर्दी उसळते, कोणता तरी वाण ‘शॉर्ट’ असतो, आणि पक्कं बिल मागणारा माणूस तेवढ्यात सगळ्यांना जड होतो. ‘बिल कायले पाह्यजे काका, आपलंच दुकान समजा नं!’ असं म्हणत कच्ची चिठ्ठी हातात पडते. तिच्यावर रक्कम असते. वाण नाही, लॉट नंबर नाही, दुकानाचं नावही कधीकधी नाही. ऑगस्टमध्ये शेत अर्धं उगवून अर्धं उघडं पडलं की तीच चिठ्ठी घेऊन माणूस माझ्या काउंटरशी उभा.

खरं तर सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्येच सांगून टाकलंय की बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहकच. त्या प्रकरणात बियाणे महामंडळाचं म्हणणं होतं की शेतकऱ्याने नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यायला हवा होता. कोर्टाने ते मानलं नाही. शेतकरी घेतलेलं सगळं बी पेरतो, पुढे तपासणी लागेल म्हणून कुणी मूठभर बाजूला काढून ठेवत नाही. हा निकाल वाचला त्या दिवशी मला वाटलं, न्यायाधीशांच्या घरी कुणी तरी वखर धरला असणार. पण पाकीट कुठून घेतलं हे तरी दाखवावं लागतंच. आणि बिल न देणं हीच नव्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवलीय, हे तर गावात कुणाच्या कानावरसुद्धा नाही.

आता तुझ्या क्षेत्रातली, म्हणजे फोनवरून पैसे देण्यातली गंमत. त्याच काउंटरवर क्यूआरचा फलक उभा असतो आणि पैसे आले की डबा मोठ्याने ओरडतो. चहाचे दहा रुपयेसुद्धा इथे फोनवरून जातात. दुकानदाराने बिल नाही दिलं तरी तारीख, वेळ, रक्कम, ज्याच्या खात्यात गेले त्याचं नाव आणि बारा आकडी नंबर गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये आपोआप उमटतो. इतकी वर्षं मागून जी पावती मिळाली नाही, ती अर्धी का होईना, न मागता मिळायला लागली. अर्धीच, कारण किती दिले ते तिच्यात आहे, काय घेतलं ते नाही. तरी मला हा यूपीआयचा सगळ्यात मोठा उपकार वाटतो, वेगापेक्षाही मोठा. घाई कुणाला आहे इथे!

आणि हे दुकानदाराला आपल्या आधी कळलं. चोरबीटी मागितलं, म्हणजे ज्या तणनाशक सोसणाऱ्या कपाशीला देशात मंजुरीच नाही ते बियाणं, की क्यूआरचा फलक काउंटरखाली जातो. ‘कॅश द्या भाऊ.’ तसं ऐकलं की समजायचं, या मालाच्या मागे उद्या कुणी उभं राहणार नाही. मी येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगते, तरी दर जूनमध्ये कॅश जाते. निंदणाची मजुरी काय झाली आहे ते पाहिलं तर मी त्यांना मूर्ख म्हणणार नाही.

म्हणून हल्ली मी लोकांना फोनमधला पैसे गेल्याचा पडदा छापून घ्यायला लावते. दोन रुपयांचा धंदा म्हणून नाही गं (तेही आहेच). फोन हरवतो, पोरं गेमसाठी जागा करायला सगळं पुसून टाकतात, रिचार्ज संपतो. रिचार्जचं तर विचारूच नको. महिना अठ्ठावीस दिवसांचा धरून वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज लोकांच्या गळ्यात घातले. बोभाटा झाल्यावर ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, निदान एक प्लॅन तीस दिवसांचा ठेवा म्हणून सांगितलं. बटणांच्या फोनवाल्या आज्यासुद्धा इंटरनेटचे पैसे भरत होत्या. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियम काढला, तेव्हा फक्त बोलण्याचे नि मेसेजचे वेगळे पॅक आले. ते आहेत हे मात्र रिचार्जवाला आपणहून सांगत नाही.

फसवणुकीबद्दल तू लिहिलंस ते वाचून हसूच आलं. लिस्बनमध्ये जुना सोफा विकायला काढला की समोरचा म्हणतो, एटीएमवर जाऊन माझा नंबर तुमच्या खात्याला जोडा, म्हणजे पैसे पाठवतो. इथे जुनी मोटरसायकल काढली की म्हणतो, हा क्यूआर स्कॅन करा, पैसे जमा होतील. विकणाऱ्याला वाटतं आपल्याला मिळणार आहेत, तिथेच तो सापडतो. पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही, एवढं मी दुकानात मोठ्या अक्षरात लावलंय. खोट्या मागण्या पाठवून लुबाडणं इतकं वाढलं की एका माणसाने दुसऱ्याकडे यूपीआयवर पैशांची मागणी पाठवायची सोयच गेल्या १ ऑक्टोबरपासून बंद केली. आता पीएम किसानच्या नावाची एपीके फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. ती उघडली की फोन दुसऱ्याच्या ताब्यात. असं झालं की १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करायचा. पैसे पुढच्या खात्यांतून पसार व्हायच्या आत अडवता आले तर आले.

पण सायली, एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही, आणि ती तुझ्या कंपनीतल्या हुशार मंडळींनाही विचार. मध्यंतरी फोन लावला की आधी ऐकू यायचं, ओटीपी कुणाला सांगू नका. आणि माझं सगळं दुकान चालतं ते ‘सांगा काका, किती आला?’ यावर. पीक विमा, सातबारा, शिष्यवृत्ती, कापूस विकायला सीसीआयने यंदा काढलेल्या अ‍ॅपमधली नोंदणी, सगळीकडे ओटीपी. ज्याला तो वाचता येत नाही, तो फोनच माझ्या हातात देतो. मी सरळ आहे म्हणून ठीक. शेजारच्या टेबलावर कुणी तरी सरळ नसेल, तर त्याला ओटीपी सांगणारा माणूस काही वेगळं करत नाही, माझ्याकडे करतो तेच करतो. बँकेच्या नियमात मात्र तो निष्काळजी ठरतो, आणि कळवेपर्यंत गेलेले पैसे त्याचे त्याने सोसायचे. ही व्यवस्था ज्यांनी बांधली त्यांनी प्रत्येकाचा फोन त्याच्याच हातात आणि त्याच्याच डोळ्यांपुढे असतो असं धरलं. यवतमाळ जिल्ह्यात फोन घराचा असतो.

सगळं फोनवर सोपवलं की काय होतं ते तूही पाहिलंसच. यंदा २८ एप्रिलला तुमच्याकडे दिवसभर वीज गेली तेव्हा तू पाव घ्यायला सुट्टे शोधत फिरलीस. दादा तेव्हापासून सगळ्यांना सांगतोय, आमच्या पोरीला पोर्तुगालात लोडशेडिंग लागलं!

सध्या माझ्याकडे पारव्याकडच्या एका शेतकऱ्याचं प्रकरण आहे. सोयाबीन उगवलंच नाही. तालुका समितीचा पंचनामा झालाय, पक्कं बिल नाही, पण पैसे फोनवरून गेले होते आणि रिकामी पिशवी त्याच्या बायकोने शेवया वाळवायला ठेवली म्हणून शाबूत राहिली. तिच्यावर लॉट नंबर आहे. अर्ज अर्धा भरून ठेवलाय. ओटीपी जातो तो पोराच्या नंबरवर, आणि पोरगा चाकणला कंपनीत, शिफ्टमध्ये फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. उद्या संध्याकाळी सात वाजता तो सुटेल तेव्हा फोन लावू, आणि मी त्याला म्हणेन, सांग बाळा, किती आला?

अर्ज गेला की तीन प्रती काढणार आहे. एक शेतकऱ्याला, एक तालुका कृषी अधिकाऱ्याला, आणि तिसरी त्या दुकानदाराच्या काउंटरवर मी स्वतः नेऊन ठेवीन. तुझ्या त्या वहीच्या एका पानाचा फोटो पाठव, रकाने कसे पाडलेत ते मला बघायचंय.

तुझी,
आत्या