पेटी, पिनकोड आणि वेबसाइट

वेबसाइट कशी दिसावी हे ठरवायला बसलं की पहिले दोन तास रंगांवर जातात. पिवळा की हिरवा, वर फिरती चित्रं हवीत की नकोत. त्यापेक्षा एप्रिल महिन्यात मालकाच्या फोनशेजारी बसावं. पावसकडच्या एका हापूस बागायतदाराचं काम हाती आहे. घरी फोन सूनबाई घेतात. त्यांना एवढंच सांगितलं, की लोक विचारतात ते वहीत लिहून ठेवा. उत्तरं नकोत, फक्त प्रश्न. वहीची पानं भरली, पण प्रश्न पुन्हापुन्हा तेच. भाव काय? पेटीत किती? आमच्याकडे पोचेल का? खायला कधी तयार होईल? रत्नागिरीचाच ना? पावडर लावलेली नाही ना? आणि खराब निघाला तर?

साइटचा आराखडा तयार झाला. आता रंग कुठलाही चालेल.

*

"भावासाठी संपर्क करा." छोट्या धंद्यांच्या निम्म्या साइटींवर हे वाक्य असतं आणि ते लिहिण्यामागची कारणं ठरलेली असतात. भाव रोज बदलतो. शेजारचा बघेल. आकडा वाचून गिऱ्हाईक पळेल.

पहिलं कारण खरं आहे, म्हणून भावाशेजारी तारीख घालायची. दुसऱ्यात अर्थ नाही, कारण शेजाऱ्याला वाशीच्या मार्केटचा भाव सकाळीच कळलेला असतो. तिसऱ्याबद्दल बोलायचं, तर पळणारं गिऱ्हाईक फोनवरही पळतंच, फक्त जाताना तुमची दहा मिनिटं घेऊन जातं. आणि जे फोनच करत नाही त्याचा हिशोब कोणी ठेवत नाही.

सूनबाईंच्या सासऱ्यांना हे अजून पूर्ण पटलेलं नाही. "भाव भिंतीवर लिहायचा नसतो," म्हणाले. तडजोड अशी झाली, की भाव दर सोमवारी बदलायचा आणि आठवडाभर तोच ठेवायचा.

*

नुसतं "एक डझन" लिहून भागत नाही. दोनशे ग्रॅमचं फळ आणि तीनशे ग्रॅमचं फळ, दोन्हींचा डझन डझनच. पुढच्या वर्षी "मागच्या वेळी मोठे होते" अशी तक्रार येते ती यातूनच. प्रत्येक भावापुढे फळाचं वजन हवं: २०० ते २५० ग्रॅम, २५० ते ३०० ग्रॅम. शिवाय हातात धरलेल्या फळाचा फोटो. हात रोजच्या बघण्यातला असतो, त्यामुळे फळाचा आकार लगेच कळतो.

*

"महाराष्ट्रात सर्वत्र घरपोच" असं लिहू नये. सर्वत्र पोचत नाही. कुरियरवाल्याने दिलेली पिनकोडची यादी साइटमध्ये भरायची, वर एक चौकट ठेवायची आणि गिऱ्हाइकाने सहा आकडे टाकले की "पोचेल, दोन दिवसांत" किंवा "पोचणार नाही" एवढंच उत्तर द्यायचं.

या घरची आधीची साइट करणाऱ्या कारागिराने पहिल्या तीन आकड्यांवर काम भागवलं होतं. पुण्याचे ४११, नागपूरचे ४४०, तिथवर ठीक. पण रत्नागिरी आणि सातारा दोन्हींचे पिनकोड ४१५ ने सुरू होतात. देवगड आणि कोल्हापूर ४१६ मध्ये एकत्र. मधे अख्खा सह्याद्री. टपालाच्या वाटणीसाठी केलेले हे गट आहेत, आंब्याच्या टेम्पोला त्याचं काय? सहाच्या सहा आकडे तपासायला हवेत.

(पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतात लिहिणारे लेखक. ऑनलाइन ऑर्डर देणारा प्रत्येक माणूस त्यांनी घालून दिलेले सहा आकडे टाइप करतो, आणि नाव मात्र फारसं कुणाला माहीत नसतं.)

*

"रत्नागिरीचाच ना?" या प्रश्नाला "शंभर टक्के अस्सल" हे उत्तर होत नाही. कर्नाटकाचा आंबा रत्नागिरीच्या नावाच्या खोक्यात घालून विकणाराही तेच छापतो. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे येतात. बागायतदाराला त्याखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. या घरी ती केलेली आहे, आणि प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलेलं आहे! त्याचा फोटो आणि नोंदणी क्रमांक साइटवर गेला. बागेचं ठिकाण नकाशावर लावलं. मोहोरापासून काढणीपर्यंतचे तारखा घातलेले फोटो आता जमवतो आहे. यातलं एकेक कोणीही खोटं करू शकेल. सगळं मिळून खोटं करायला मात्र वर्षभराची मेहनत लागेल, आणि तेवढी मेहनत करणारा आंबाच लावेल.

*

पिकवण्याबद्दल. कॅल्शियम कार्बाइड म्हणजे लोक म्हणतात ती "पावडर". अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनी फळं पिकवायला ती वापरण्यावर बंदी आहे. इथिलीन वायूला ठरावीक मर्यादेत परवानगी आहे. साइटवर "नैसर्गिक" हा शब्द नको, तो आता सगळ्यांनी वापरून झिजवलाय. काय करता तेच लिहा: भाताच्या पेंढ्यात अढी घालतो, मार्चच्या फळाला पिकायला जास्त दिवस लागतात, मेच्या उकाड्यात कमी.

सासरे सांगतात, "आम्ही चौदा आणे तयार झाल्याशिवाय उतरवत नाही." सुंदर माप आहे आणि बागेत सगळ्यांना कळतं. ठाण्याच्या सोसायटीत कोणाला कळणार? वाक्य ठेवलं, कारण ते त्यांचं आहे. खाली जोडलं: पेटी हातात पडल्यावर लगेच उघडा, फळं पसरून ठेवा, फ्रीजमध्ये घालू नका, वास सुटला आणि सालीवर किंचित सुरकुती आली की खा. आता "कधी तयार होईल" हा प्रश्न फोनवर येणं कमी झालंय.

*

फोटो. आधीच्या साइटवर आंबे होते, पण गालावर लाली असलेले, टॉमी ॲटकिन्स जातीचे असावेत. ही जात अमेरिकेतल्या दुकानांत दिसते. रत्नागिरीतल्या मुलालाही ते चित्र बघून हसू आलं असतं. फुकट मिळालेल्या चित्राचा असा परिणाम होतो: हापूस विकणाऱ्याला हापूस ओळखता येत नाही असं जाहीर होतं.

मोबाइलवर काढलेले फोटो पुरतात. सकाळचं ऊन, मागे गोणपाट, फ्लॅश बंद. मोबाइलचा मूळ फोटो चार-पाच एमबीचा असतो. तो लहान करून दीडशे केबीच्या आत आणायचा आणि मगच चढवायचा.

*

जुन्या माहितीपत्रकातला मजकूर पाठवला तो श्रीलिपीत टाइप केलेला. साइटवर चिकटवल्यावर निव्वळ इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उमटली. छापखान्यांत वर्षानुवर्षं चाललेले हे फॉण्ट युनिकोड नव्हते. संगणकासाठी त्यातलं "क" हे "क" नव्हतंच, नुसतं चित्र होतं. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण रफार आणि जोडाक्षरं हाताने तपासावी लागतात. "सुर्‍या"चं "सुर्या" होतं, आणि असलं काही मराठी गिऱ्हाइकाला खटकतंच.

पानाच्या मूळ कोडमध्ये भाषा "मराठी" अशी नोंदवायची. बऱ्याच फॉण्टांत मराठी वळणाचे ल आणि श असतात, पण ते मागितल्याशिवाय दिसत नाहीत. नोंद नसली की हिंदी वळणाचे येतात. बहुतेक मालकांच्या लक्षात येत नाही. सासऱ्यांच्या आलं. "हा ल आमचा नाही," एवढंच म्हणाले. एकटाईपचा "मुक्त" नावाचा फॉण्ट फुकट आहे, मोबाइलवर नीट वाचता येतो. तोच घेतला.

*

नाव कोणाच्या नावावर?

हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचा. इथे डोमेन, म्हणजे साइटचं नाव, आधीच्या कारागिराच्या खात्यात होतं, त्याच्या ईमेलवर आणि त्याच्याच मोबाइलवर ओटीपी. कारागीर फोन उचलत नाही. खोक्यांवर, पावत्यांवर, गाडीच्या मागच्या काचेवर छापलेलं नाव दुसऱ्याच्या खिशात. सातबारा आपल्या नावावर आहे की नाही याची खात्री करणारा माणूस डोमेनच्या बाबतीत इतका निष्काळजी कसा राहतो, याचं मला अजूनही नवल वाटतं. डोमेनची नोंदणी मालकाच्या नावाने, घरच्या ईमेलवर, घरच्या मोबाइलवर. पासवर्ड कागदावर लिहून प्रमाणपत्राच्याच पिशवीत.

.इन घ्या की .कॉम, फार फरक नाही. २०१४ पासून देवनागरीत .भारत सुद्धा मिळतं. हौस असेल तर घ्यावं आणि ते मुख्य नावाकडे वळवून ठेवावं. टाइप करणारे कमीच, पण खोक्यावर छापलेलं छान दिसतं.

आणखी एक. पत्त्याशेजारच्या कुलपासाठी, म्हणजे सुरक्षित जोडणीच्या प्रमाणपत्रासाठी, दरवर्षी वेगळी पावती फाडली जात होती. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र २०१५ पासून फुकट मिळतं.

*

वर्डप्रेस, तयार दुकानाची मासिक भाड्याची सेवा, की हाताने लिहिलेली साधी पानं? लोक यावर वाद घालतात. मी एकच विचारतो: सोमवारी सकाळी भाव कोण बदलणार? सूनबाई, मोबाइलवरून, चहा उकळेपर्यंत, मला फोन न करता. हे ज्यात जमेल ते घ्यायचं. बाकी सगळी तुलना त्यानंतर.

*

पटकन, राहू नये म्हणून: फिरती चित्रं नकोत. आपोआप वाजणारं संगीत नको. आल्याआल्या तोंडावर उघडणारी "नोंदणी करा" चौकट नको. भेट देणाऱ्यांचा आकडा दाखवणारा काउंटर तर अजिबात नको.

*

वेग. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा अशी गुगलची अपेक्षा आहे. ऑफिसच्या वायफायवर सगळ्याच साइटी पळतात. कसोटी एसटी स्टँडवर, स्वस्त अँड्रॉइडवर, नेटवर्कची एकच कांडी असताना घ्यायची. तिथे भाव आणि फोन नंबर आधी दिसले पाहिजेत, फोटो मागून आले तरी चालतील.

*

पैसे. यूपीआयचा क्यूआर साइटवर टाकला की काम झालं असं वाटतं. मग पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट येऊ लागतात आणि त्यातले काही मागच्या वर्षीचे असतात. स्क्रीनशॉट म्हणजे पावती नव्हे. रक्कम बँक खात्यात दिसल्यावरच ऑर्डर पक्की, हे साइटवर स्पष्ट लिहावं. हंगामात ऑर्डरी वाढल्या की प्रत्येक जमा रकमेची जोडी लावत बसण्यापेक्षा पेमेंट गेटवे परवडतो. कार्डावर साधारण दोन टक्के जातात. ते पेटीच्या भावात आधीच धरावेत, शेवटच्या पायरीला वेगळे लावू नयेत. शेवटी अचानक वाढलेला आकडा बघून माणूस परत फिरतो.

*

साका. बाहेरून फळ देखणं, कापल्यावर आत पांढरट, मऊ, आंबूस. हापूसचा हा दोष कापल्याशिवाय कळत नाही, बागायतदारालाही नाही. म्हणून "खराब निघाला तर" हा प्रश्न टाळून चालत नाही. आधीच्या साइटवर इंग्रजीतलं धोरण कुठून तरी उचललेलं होतं, त्यात "वस्तू मूळ वेष्टनात, न वापरता परत करावी" असं होतं. कापलेला आंबा न वापरता परत कसा करायचा?

आता मराठीत तीन वाक्यं आहेत. कापलेल्या फळाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. तेवढ्या फळांचे पैसे परत, किंवा पुढच्या पेटीत तेवढी फळं जास्त. पेटी पोचल्यापासून किती दिवसांत कळवायचं तेही लिहिलंय. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार धंद्याचं नाव, पत्ता आणि तक्रार घेणाऱ्या माणसाचा संपर्क साइटवर द्यावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करावं लागतं. सूनबाईंचं नाव "तक्रार निवारण अधिकारी" म्हणून लागल्यावर घरात दोन दिवस चेष्टा चालली.

*

जेकब निल्सन यांनी २००० साली मांडलं, की पाच जणांना साइट वापरताना बघितलं तरी बहुतेक अडचणी कळतात. छोट्या धंद्याला पाच नातेवाईक सहज मिळतात. अट एकच, बघताना तोंड बंद. डोंबिवलीच्या मावशींना पेटी मागवायला सांगितलं. "कार्टमध्ये टाका" हे बटण त्यांनी तीनदा वाचलं आणि दाबलं नाही. "पेटी मागवा" केल्यावर दाबलं.

*

नकाशावरची नोंद फुकट आहे आणि बऱ्याच वेळा साइटच्या आधी तीच दिसते. नाव, पत्ता, नंबर तिथे, साइटवर आणि खोक्यावर सारखेच हवेत. इथे तिन्हीकडे तीन नंबर होते, त्यातला एक धाकट्या दिरांचा. ते सध्या मस्कतला आहेत.

*

जूनमध्ये साइट बंद करायची का? नाही. पावसाळ्यात पान काढून टाकलं आणि फेब्रुवारीत नवीन पत्त्यावर नवीन पान उभं केलं, तर गुगलने वर्षभर ओळखलेला पत्ता मोडीत निघतो. पान तेच ठेवायचं, मजकूर बदलायचा: या हंगामाचा आंबा संपला, पुढच्या हंगामासाठी नंबर द्या. खाली आमरसाचे डबे, आंबापोळी, कोकम. जानेवारीत मोहोर कसा आहे, थ्रिप्सची कीड किती, पहिली पेटी पाडव्याला मिळेल की अक्षय तृतीयेला, ते चार ओळींत. सासरे हे फोनवर तासभर सांगतात. त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून उतरवून घेतो. त्यांच्या नावावर जे पान आहे ते तेवढंच, आणि माझ्या मते साइटवरचं सगळ्यात चांगलं.

*

नवा प्रश्न यायला लागलाय, न्यू जर्सीहून: "इकडे पाठवता का?" २००७ पासून भारतीय आंबा अमेरिकेत जातो, पण त्यावर विकिरण प्रक्रिया करावी लागते. लासलगावला तशी सोय आहे. पण ते काम निर्यातदाराचं, घरच्या अढीतून निघालेल्या चार डझनांचं नव्हे. म्हणून उत्तर "नाही". ते पिनकोडच्या चौकटीखाली लिहिलंय, आणि त्याच ओळीत पुढे: पुण्या-मुंबईत कोणी असेल तर त्यांच्या पत्त्यावर पाठवू, पैसे तुम्ही तिकडून भरा. मागच्या आठवड्यात अशा तीन पेट्या गेल्या.