नांदगावचे आकाश आणि पेणचे दोन भाद्रपद

पेणजवळच्या हमरापूर-जोहे परिसरात गणपतीचे कारखाने वर्षभर चालतात. एका वर्षीचे विसर्जन उरकले की थोड्याच दिवसांत पुढच्या वर्षीचे साचे बाहेर निघतात. तेथील माणसे वर्ष मोजतात ते भाद्रपद शुद्ध चतुर्थीपासून. २०२३ मध्ये ही चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. तरीही अशाच एका कारखान्यात काही गिऱ्हाइकांनी मूर्ती २० ऑगस्टच्या आत मागितल्या. ती घरे टिळक पंचांग मानणारी होती. त्यांचा गणपती त्या वर्षी पूर्ण एक महिना आधी येणार होता.

कारखान्याच्या मालकाला याचे नवल नव्हते. अशी मागणी काही वर्षांनी येतेच, आणि मग त्या मूर्तींची आखणी आधी उरकावी लागते. पण त्या वर्षी त्याने रोह्यात शिकणाऱ्या भाचीला फोनवर विचारले, “अगं, आकाश एकच ना? मग भाद्रपद दोन कसे?”

भाचीला उत्तर ठाऊक नव्हते. तिच्या लॅपटॉपवर मात्र स्टेलेरियम होते. फाबियें शेरो या फ्रेंच प्रोग्रामरने सुरू केलेली ही मोफत, मुक्तस्रोत प्रणाली कोणत्याही गावचे, कोणत्याही रात्रीचे आकाश पडद्यावर उभे करते. तिने रोह्याचे आकाश उघडण्याऐवजी नकाशावर थोडे पश्चिमेला, समुद्राकाठी बोट ठेवले. मुरूड आणि काशीद यांच्या दरम्यानचे नांदगाव. त्याच्या कारणासाठी पाच शतके मागे जावे लागते.

नांदगाव, म्हणजे ग्रंथांतले नंदिग्राम, हे केशव दैवज्ञ आणि त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांचे गाव. केशवांनी १४९६ मध्ये ‘ग्रहकौतुक’ लिहिले. त्याच वर्षी पोर्तुगालात अब्राहम झाकूतोचे पंचांग छापले गेले. अशा कोष्टकांच्या आधारे समुद्र ओलांडणाऱ्या पोर्तुगिजांनी १५२१ मध्ये नांदगावच्या उत्तरेला चौल येथे आपला किल्ला उभारायला घेतला. या दोन विद्यांची गाठ तिथे पडली नाही, ही कोकणच्या इतिहासातील एक चुटपुट लावणारी गोष्ट आहे. केशवांचे मोठेपण त्यांच्या आग्रहात आहे. जुन्या ग्रंथांतून काढलेला ग्रह आकाशातील ग्रहाशी जुळत नाही हे त्यांनी वेध घेऊन पाहिले, ते स्पष्ट लिहिले, आणि पुढच्यांनीही वेध घेऊन गणित दुरुस्त करत राहावे असे सांगितले.

पुत्राने तेच केले. गणेश दैवज्ञांचा जन्म शके १४२९ चा, म्हणजे १५०७ चा, मानला जातो आणि ‘ग्रहलाघव’ शके १४४२ चे. हिशेब केला तर कर्त्याचे वय तेराच्या आसपास येते. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात या ग्रंथाची सविस्तर चिकित्सा केली आहे. (दीक्षितही मुरूडचेच, पण ते मुरूड दापोली तालुक्यातले. दोन मुरुडांचा घोटाळा पुष्कळांचा होतो.)

ग्रहलाघवाचा आरंभदिवस १९ मार्च १५२०, सोमवार. भाचीने तो दिवस पडद्यावर आणायचे ठरवले आणि पहिल्याच पायरीवर फसली. जुन्या तारखेचे नव्या पद्धतीत रूपांतर करून तिने २९ मार्च घातली, तर आकाशात जवळजवळ दहा दिवसांचा ठसठशीत चंद्र! करणग्रंथाचा आरंभ असा भलत्याच तिथीला कसा होईल? १५८२ पूर्वीच्या तारखा ही प्रणाली ज्युलियन पद्धतीनेच वाचते, हे तिच्या उशिरा ध्यानात आले. तारीख पुन्हा १९ केली, तेव्हा वार सोमवार निघाला. वातावरणाचा निळा पडदा बाजूला करताच सूर्याशेजारी चंद्र दिसला. अमावास्या सूर्योदयानंतर सुमारे चार तासांनी संपत होती. चंद्र सूर्याच्या तीनएक अंश दक्षिणेला होता, म्हणून ग्रहण नव्हते. चैत्र उंबरठ्यावर होता.

हे दृश्य पाहताना एक गोष्ट विसरायला होते. पडद्यावरचे आकाश हे छायाचित्र नव्हे, गणित आहे. पॅरिसमधील ब्रेतान्यों आणि फ्रांकू यांनी १९८० च्या दशकात ग्रहगतींची जी सूत्रे सिद्ध केली, त्यांत तारीख घातली जाते आणि ग्रहाची जागा बाहेर पडते. ती सूत्रेही प्रत्यक्ष निरीक्षणांशी ताडून घेतलेली आहेत. ग्रहलाघवाचे कामही हेच होते, फक्त यंत्राच्या जागी माणूस आणि पाटी होती.

त्या माणसाचे श्रम वाचवण्यासाठी गणेश दैवज्ञांनी जे केले ते आजच्या प्रोग्रामरलाही आवडावे. कलियुगाच्या आरंभापासून दिवस मोजायचे तर १५२० मध्येच ती संख्या सतरा लाखांच्या जवळ जाते. तिला मोठमोठ्या अपूर्णांकांनी गुणायचे म्हणजे चुकांना आमंत्रण. त्यांनी अकरा वर्षांचे, ४०१६ दिवसांचे एक चक्र कल्पिले. किती चक्रे झाली ते मोजा, प्रत्येक चक्राची ठरावीक दुरुस्ती लावा, आणि उरलेल्या थोड्या दिवसांचेच गणित करा. ४०१६ दिवस म्हणजे जवळजवळ १३६ चांद्रमास. ज्या (आजच्या भाषेत साइन) पूर्णपणे टाळली आणि पंधरा-पंधरा अंशांच्या टप्प्यांचे आकडे देऊन मधल्या जागा त्रैराशिकाने भरायला सांगितल्या. शके १९४८ च्या आरंभी या ग्रंथाला ५०६ वर्षे होतात, म्हणजे नेमकी ४६ चक्रे.

आणि ग्रह कोणाचे घ्यायचे? येथे त्यांनी कोणत्याही एका पक्षाशी निष्ठा ठेवली नाही. सूर्य सौरपक्षाचा घेतला. चंद्रही सौरच, पण नऊ कला कमी करून. मंगळ, गुरू आणि राहू आर्यपक्षाचे, शनीही आर्यपक्षाचाच, मात्र पाच अंश वाढवून. बुधाचे केंद्र ब्राह्मपक्षाचे, आणि शुक्राचे ब्राह्म व आर्य यांच्या मधोमध. जे आकाशाशी जुळले ते घेतले. परंपरेचा आदर आणि तिची उलटतपासणी एकाच वेळी कशी करता येते, याचे याहून स्वच्छ उदाहरण सोळाव्या शतकात क्वचितच सापडेल.

बुध आणि शुक्र यांचे ‘केंद्र’, आणि बाकीच्यांचा मात्र ग्रह, असा भेद का? हे कोडे भाचीला स्टेलेरियममध्ये सुटेना, कारण त्यात सहसा पृथ्वीवर उभे राहूनच पाहायचे असते. तिने सेलेस्टिया उघडली. ख्रिस लॉरेलने २००१ मध्ये आणलेल्या या प्रणालीत पृथ्वी सोडून कोठेही जाता येते. सूर्याच्या उत्तरेला उंच जाऊन तिने कक्षा उजळवल्या आणि काळाचा वेग वाढवला. बाहेरचे ग्रह संथ, पृथ्वी त्यांच्या आतून भरभर पुढे जाणारी. मंगळ वक्री होतो असे जे वाटते ते पृथ्वीच्याच फेरीचे प्रतिबिंब. जुने ज्योतिषी तेवढा भाग ‘शीघ्रफल’ म्हणून वेगळा काढत. बुध-शुक्रांच्या बाबतीत उलटे होते. त्यांची मध्यम जागा सूर्याचीच धरली जाई आणि त्यांची स्वतःची सूर्याभोवतीची फेरी शीघ्राच्या खात्यात जाई. म्हणून दुरुस्ती करायची ती केंद्रात. गणेश दैवज्ञांच्या मनात सूर्यकेंद्री चित्र होते असे यावरून म्हणणे हा उतावीळपणा ठरेल. पण फेऱ्यांचा हिशेब त्यांनी अचूक जागी मांडला होता.

शनीचे ते पाच अंश किरकोळ वाटतात. पण गुरू शनीला वर्षाला अठराएक अंशांनी गाठतो. पाच अंश सरकले की दोघांची युती तीन महिन्यांहून अधिक सरकते. जानेवारी १५२४ च्या अखेरीस ही युती झाली आणि फेब्रुवारीत इतर ग्रहही त्याच भागात जमले. योहानेस श्टोफलरच्या १४९९ च्या पंचांगाने ती आधीच सांगितली होती, आणि तिच्यावरून युरोपात महापुराच्या भाकितांची पत्रके निघाली होती. पूर आला नाही. नांदगावच्या किनाऱ्यावरून ते दोघे सूर्यास्तानंतर पश्चिमेला, समुद्राच्या अगदी वर असणार. भाचीने ती संध्याकाळही पाहून घेतली.

एवढे झाल्यावर ती मामाच्या प्रश्नाकडे परतली.

टिळक पंचांगाच्या मुळाशी केरो लक्ष्मण छत्रे आहेत. तेही रायगडचेच, अलिबागजवळच्या नागावचे. कोवळ्या वयात कुलाब्याच्या वेधशाळेत लागलेल्या छत्र्यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली आणि मराठी पंचांगात युरोपीय गणित आणले. राशिचक्राचा आरंभ त्यांनी रेवतीच्या योगताऱ्यापासून, म्हणजे झीटा पिशियमपासून, धरला. पुढे टिळकांनी हा पक्ष उचलला. व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोरचा बिंदू धरला, आणि मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीनेही १९५५ मध्ये तीच बाजू घेतली.

भाचीने पडद्यावर आधी रेवतीच्या त्या ताऱ्यावर टिचकी मारली. वसंतसंपातापासून अंतर सुमारे २० अंश. मग चित्रेवर. सुमारे २०४ अंश, म्हणजे समोरचा बिंदू २४ अंशांवर. फरक चार अंशांचा. सूर्याला तेवढे चालायला चार दिवस लागतात, म्हणून टिळक पंचांगातील संक्रांती चार दिवस आधी येतात.

२०२३ मध्ये एक अमावास्या १७ जुलैच्या मध्यरात्रीच्या सुमारास संपली आणि पुढची १६ ऑगस्टला. चित्रापक्षाने सूर्य १७ जुलैच्या पहाटे कर्केत आणि १७ ऑगस्टला सिंहेत गेला. दोन्ही संक्रांती त्या महिन्याच्या कडेला निसटल्या. ज्या चांद्रमासात संक्रांत नाही तो अधिक, म्हणून अधिक श्रावण. रेवतीपक्षाने मात्र सिंह संक्रांत १३ ऑगस्टच्या सुमारास झाली, ती त्याच महिन्यात पडली. महिना साधा श्रावण ठरला आणि लगेच भाद्रपद लागला.

तिने मामाला फोन केला. सूर्य कोठे आहे, चंद्र कोठे आहे, याबद्दल दोन्ही पंचांगांत वाद नाही. वाद आहे तो मोजायला सुरुवात कोठून करायची याचा.

“म्हणजे चूक कोणाचीच नाही?”

“आकाशात रेघ नाही, मामा. दोघांनी दोन जागी मारली.”

मामा थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “बरं. त्या ऑगस्टवाल्या मूर्तींचे डोळे आज लिहून होतील.” आणि पलीकडून कोणाला तरी शाडूच्या मूर्ती आधी उन्हात काढायला सांगण्याचा त्याचा आवाज ऐकू आला.