काळा कातळ, गुलाबी कातळ

तुळिंजला दगड शोधावा लागत नाही. नालासोपारा पूर्वेला स्टेशनाबाहेर पडून तुळिंज रोडची गर्दी मागे टाकली, की चाळी आणि इमारती जिथे डोंगराला भिडल्या आहेत तिथे काळा कातळ दिसू लागतो. इथल्या एका चाळीत वाढलेल्या मुलीच्या आयुष्यात हा कातळ सतत येत राहिला, प्रत्येक वेळी वेगळ्या रंगाचा.

तिची पहिली डोंगरवाट तुंगारेश्वरची. श्रावणी सोमवारी वडील तिला न्यायचे. महामार्गावरच्या फाट्यापासून मंदिरापर्यंतची वाट जंगलातून जाते, मध्ये ओढे आडवे येतात. पाण्याखालच्या गुळगुळीत दगडावर पाय कसा रोवायचा, हे ती तिथेच शिकली. पुढे कॉलेजात कामणदुर्ग झाला, मग घाटावरचे गड. चढताना तिला एक गोष्ट जाणवायची: सह्याद्री माणसाला टप्प्याटप्प्याने वर घेतो. एक कडा, मग सपाटी, पुन्हा कडा. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले आणि थिजले. त्यांचेच हे टप्पे. गडाची माची आणि बालेकिल्ला याच रचनेवर उभे आहेत.

हा दगड लिहायलाही कामी आला. सोपाऱ्यात 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूपाचं उत्खनन केलं. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या आज्ञालेखाचा तुकडा मिळाला, आणि 1956 मध्ये भुईगावला नवव्या लेखाचा. दोन्ही बेसॉल्टवर कोरलेले. म्हणजे आपल्या दारातल्या काळ्या कातळावर सव्वादोन हजार वर्षांपूर्वी राजाज्ञा कोरली गेली होती. तुळिंजच्या किती मुलांना हे ठाऊक असतं? शाळेने एकदा तरी स्तूपापर्यंत चालत न्यायला हवं.

नोकरीसाठी ती बेंगळुरूला गेली आणि तिथे ग्रॅनाइट भेटला. 'शोले'मधला गब्बरचा अड्डा ज्या खडकांत आहे त्या रामनगरचं जुनं नाव क्लोजपेट. भूवैज्ञानिक तिथल्या ग्रॅनाइटला याच नावाने ओळखतात. वय सुमारे 250 कोटी वर्षं. त्याच परिसरात मागडीजवळ सावनदुर्ग आहे, समुद्रसपाटीपासून 1226 मीटर. तिथे माची नाही, टप्पा नाही, आधाराला झुडूपही क्वचितच. एकच उघडी पाठ वर वर जाते आणि चालणारा तिच्यावरून बुटाच्या घर्षणावर भरवसा ठेवून चढतो. सह्याद्रीत हात खोबणी शोधतात. इथे सगळी भिस्त तळपायांवर. पहिल्या चढाईत पोटऱ्या भरून आल्या, पण उतरताना पुन्हा यायचं हे तिने ठरवून टाकलं होतं.

चाळिशी ओलांडल्यावर ती भावाकडे टेक्सासला, ऑस्टिनला गेली. तिथून पश्चिमेला, फ्रेडरिक्सबर्ग गावाच्या उत्तरेला 'एन्चांटेड रॉक' नावाचा गुलाबी ग्रॅनाइटचा घुमट आहे. पायथ्यापासून उंची 425 फूट, विस्तार सुमारे 640 एकर, वय 110 कोटी वर्षांच्या आसपास. उंचीचं कौतुक आपल्याला नाही; लोहगड चढलेल्या माणसाला ही चढण किरकोळ. नवल आहे ते त्याच्या घडणीचं. जमिनीखाली खोलवर शिलारस अतिशय सावकाश निवत गेला, म्हणून त्यात गुलाबी फेल्डस्पार आणि चकाकणारं क्वार्ट्झ यांचे डोळ्यांना दिसतील इतके मोठे स्फटिक तयार झाले. वरचं ओझं झिजून गेल्यावर दाब उतरला, खडक फुगला आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखे त्याचे थर सुटू लागले. घुमटाला गोलाई आली ती अशी. ही सोलण अजून चालू आहे.

रात्री त्यांनी पायथ्याशी तंबू ठोकला. दिवसभर तापलेला दगड अंधारात निवताना कुरकुरतो, असं तिथे सांगतात. टोंकावा, अपाची, कोमांची या मूलनिवासी लोकांच्या कथांत हा डोंगर जागृत मानला आहे. वेताळाच्या आणि वाघोबाच्या मुलखातून आलेल्या बाईला ते समजावून सांगावं लागलं नाही.

तिला खरा धडा मिळाला तो माथ्यावर. दगडात झिजून उथळ खळगे झालेले आहेत, पावसाचं पाणी त्यांत साठतं. पुढे धावणारी भाची एका खळग्यापाशी थांबली. "आत्या, यातून नाही जायचं, वळसा घालायचा," ती म्हणाली. त्या वीतभर पाण्यात 'फेअरी श्रिम्प' होते, कोळंबीच्या नात्यातले इवलेसे पारदर्शक जीव. पाणी आटलं की ते मरतात, पण त्यांची अंडी सुक्या मातीत तग धरतात आणि पुढच्या पावसात फुटतात. ही डबकी जपायची म्हणून माथ्याच्या वाटेवर कुत्रे नेता येत नाहीत. सरपण वेचायलाही मनाई आहे. 1978 पासून हा डोंगर सरकारी उद्यान आहे; ठरलेली गर्दी झाली की फाटक बंद होतं, आणि लांबून आलेली माणसं मुकाट्याने गाडी वळवतात.

आपल्याकडे हे जमणार नाही, असं म्हणायची सवय आहे. ते खरं नाही. कास पठारावर फुलांच्या हंगामात रोजच्या माणसांची संख्या ठरवून आधी नोंदणी घेतात आणि लोक ती पाळतात. पश्चिम घाटाच्या सड्यांवरच्या डबक्यांतही फेअरी श्रिम्प सापडतात. त्यांच्या एका जातीला शास्त्रज्ञांनी सह्याद्रीचंच नाव दिलं आहे. जपण्याजोगं घरातच आहे. जपलं नाही तर काय होतं, हे अंधेरीला दिसतं. गिल्बर्ट हिल हा बेसॉल्टच्या उभ्या खांबांचा सुमारे 200 फुटी सुळका. चहूबाजूंचा डोंगर खाणींनी खाल्ला, इमारती भिडल्या, आणि मग 2007 मध्ये पालिकेने त्याला वारसा दर्जा दिला.

ती आता पुन्हा तुळिंजला राहते. पावसाळ्यात शेजारपाजारच्या मुलांना घेऊन तुंगारेश्वरला जाते आणि फाट्यावरच सांगते: ओढ्यात बाटली टाकायची नाही, साठलेल्या पाण्यातून चालायचं नाही, वनखात्याने बंद केलेल्या धबधब्याकडे फिरकायचं नाही. 2003 पासून तुंगारेश्वर अभयारण्य आहे, आणि नालासोपारा, वसई, विरारच्या लाखो माणसांना लोकलच्या गर्दीतून सुटून गाठता येईल असं हे मोठं जंगल आहे. या श्रावणात तुम्ही जाल तेव्हा एक रिकामी पिशवी सोबत ठेवा आणि येताना वाटेवरचं प्लास्टिक तिच्यात भरून खाली आणा.