बाह्या, छत्री आणि सनस्क्रीन

‘सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध, शब-ए-मालवा’ ही उक्ती आम्हां इंदूरकरांच्या तोंडी नेहमी असते. माळव्याच्या रात्रीचे हे कौतुक रास्तच आहे; मात्र ते करणाऱ्यांनी येथील दुपारीविषयी सोयीस्कर मौन पाळलेले दिसते. शासकीय सेवेची बरीच वर्षे आम्ही निमाडात कालव्यांच्या कामांवर काढली. डोक्याला उपरणे, खिशात कांदा आणि घरी परतल्यावर कैरीचे पन्हे, एवढ्या भांडवलावर खरगोनचे कित्येक वैशाख निभावले. त्यामुळे उन्हासाठी अंगाला मलम लावणे हा आम्हांस निव्वळ नखरा वाटत असे.

हा समज मोडला तो आमच्या सौभाग्यवतींच्या मनगटावर उमटलेल्या रुपयाएवढ्या पांढऱ्या डागाने. वर्षभरात तसाच डाग दुसऱ्या हातावर आला, मग गळ्यापाशी. त्वचारोगतज्ज्ञांनी निदान केले, कोड. आमच्या जुन्या घरांतून हा शब्द अजूनही आवाज उतरवूनच उच्चारला जातो. कोड संसर्गजन्य नाही, कुष्ठरोगाशी त्याचा काडीचाही संबंध नाही, हे ठाऊक असणारी माणसेही स्थळ पाहताना नेमके तेवढे विसरतात. आमच्या धाकट्या कन्येचे लग्न ठरायचे होते. सौभाग्यवतींनी मनगटापर्यंत बाह्यांची पोलकी शिवून घेतली, आणि सांगावयास संकोच वाटतो, पण आम्ही त्यांस ‘कशाला?’ म्हणून एकदाही विचारले नाही.

डॉक्टरांनी सनस्क्रीन लावण्यास सांगितले होते. दुकानदाराने पुढे केलेली नळी आम्ही वेष्टनही न वाचता घरी आणली. त्यावर गोरेपणाची ग्वाही होती. सौभाग्यवतींनी ती क्षणभर न्याहाळली आणि म्हणाल्या, “अहो, मला गोरं व्हायचं नाहीये. जेवढं झालंय, त्याचंच दुःख आहे.” ती नळी आम्ही दुसऱ्याच दिवशी परत केली आणि योग्य ती आणली.

पुढे एकदा महेश्वरला जाणे झाले. तेथे ओळखीचे कोणी नाही, म्हणून सौभाग्यवतींनी कित्येक महिन्यांनी अर्ध्या बाह्यांचे पोलके घातले. सकाळी आठ वाजता मटारएवढे मलम दोन्ही हातांना पुरवले, नर्मदेत स्नान केले, अहिल्याबाईंच्या घाटावर दुपारपर्यंत मनसोक्त बसल्या. डोक्यावर छत्री होती. रात्री डागांच्या जागा लालभडक होऊन सुजल्या. एका मोकळ्या दिवसाची ती शिक्षा पाहून आमच्या पोटात कालवले.

डॉक्टरांनी मग सारे उलगडून सांगितले. कोडाच्या जागी रंगपेशीच उरत नाहीत. मेलॅनिनचे कवच गेल्यामुळे अतिनील किरण तेथे सहज भाजतात. छत्री थेट ऊन अडवते, पण आकाशातून विखुरलेले आणि भोवतालून परतलेले किरण खालून-बाजूंनी पोहोचतातच. वेष्टनावरील एसपीएफचा आकडा मुख्यतः भाजणाऱ्या ‘बी’ किरणांपुरता असतो. खोलवर जाणारे ‘ए’ किरण खिडकीच्या साध्या काचेतूनही आत येतात. त्यांच्यासाठी ‘पीए’ किंवा ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ ही अक्षरे पाहावीत. एसपीएफ १५ सुमारे ९३ टक्के, ३० सुमारे ९७ टक्के, तर ५० सुमारे ९८ टक्के ‘बी’ किरण अडवते. आकडा वाढला म्हणून संरक्षण त्या प्रमाणात वाढत नाही. शिवाय हे सारे पुरेसा थर असेल तर! चेहरा व मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीइतके मलम हवे, हातांसाठी निराळे. आणि दर दोन तासांनी, तसेच घाम वा स्नानानंतर, ते पुन्हा लावावयास हवे.

हे ऐकून आम्ही ओशाळलो. कालव्याच्या अस्तराची जाडी निम्मी केली की पाणी झिरपणारच, हे आम्ही कंत्राटदारांना जन्मभर सुनावले. घरात मात्र एक नळी वर्षभर पुरली याचे आम्हांस कौतुक होते.

निघताना सौभाग्यवतींनी विचारले, “मग पूर्ण बाह्याच बऱ्या ना?” डॉक्टर म्हणाले, “उन्हात उत्तमच. दाट विणीच्या कापडासारखे संरक्षण नाही. पण सूर्य मावळल्यावर कशाला हव्यात?”

या प्रश्नाला आम्हां दोघांपाशीही उत्तर नव्हते. सौभाग्यवतींच्या बाह्या लग्नसमारंभांत रात्री दहा वाजताही मनगटापर्यंतच असत. त्या बाह्या उन्हासाठी नव्हत्या, लोकांच्या नजरेसाठी होत्या. आणि त्या लोकांत आम्हीही होतो.

पुढल्याच महिन्यात कन्येसाठी एक मंडळी पाहावयास येणार होती. आम्ही मुद्दाम संध्याकाळनंतरची वेळ दिली आणि प्रथमच तोंड उघडून म्हणालो, “आज अर्ध्या बाह्यांचं घाला.” सौभाग्यवतींनी आमच्याकडे बराच वेळ पाहिले, काही बोलल्या नाहीत. पोह्यांच्या बशा पुढे करताना पाहुण्यांची नजर हातावर थबकली, तेव्हा त्याच सहज म्हणाल्या, “कोड आहे. दिवसा उन्हाला जपावं लागतं, एवढंच.”

ते स्थळ पुढे सरकले नाही. कारण आम्ही विचारले नाही. त्यानंतरचे जमले, आणि कन्या सुखात आहे. सौभाग्यवतींच्या पर्समध्ये आता चष्म्याशेजारी सनस्क्रीनची नळी असते. दर दोन-तीन महिन्यांनी नवी आणावी लागते. रात्री गच्चीवर वारा सुटला की त्या उघड्या हातांनी कठड्याशी उभ्या राहतात.