शुद्ध बियाणं

परळला आमच्या चाळीच्या जिन्याखाली पोरं बसतात. परवा शेजारच्या पोरानं मोबाईल पुढं केला. "काका, वाचा. गांजाची कुंडली."

वाचली. 'व्हाइट विडो' नावाचं वाण, 1990 च्या दशकात हॉलंडमध्ये गाजलेलं. आई ब्राझीलची, बाप केरळकडचा, असं विकणारे सांगतात. संकर म्हणून भाव जास्त. हीच पुडी आमच्या पोराच्या खिशात सापडली तर 1985 चा कायदा. तिकडं कॅटलॉग, इकडं लॉकअप.

पोरगं हसलं. मला हसू येईना. संकर हा शब्द माझ्या घरात शिवीसारखा येऊन पडलाय.

गांजाची नर आणि मादी झाडं वेगळी असतात. पराग वाऱ्यावर कुठच्या कुठं जातो. मादीला तो लागला की बी धरतं, चीक कमी होतो. म्हणून इंग्रजी राज्यात नगर-साताऱ्याकडचे गांजा पिकवणारे फुलायच्या आत नर उपटायचे. 1893-94 च्या हेम्प ड्रग्ज कमिशननं ही सगळी शेती लिहून ठेवलीय. आणि वाण 'शुद्ध' ठेवायचं तर बाहेरचा पराग अडवायचा, नात्यातल्या नात्यात बी धरायचं. म्हणजे शुद्धता आपोआप उगवत नाही. कुणीतरी पहारा देतो, कुणीतरी उपटतो.

बाबासाहेब 1934 पर्यंत राहिले ती बीआयटी चाळ आमच्यापासून पाच मिनिटांवर. त्यांनी 1916 साली कोलंबियात निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्नं लावून, आणि त्यापायी उरलेल्या बाईची वाट लावावी लागते. सती, नाहीतर सक्तीचं वैधव्य. शेतात नर उपटला, समाजात बाई जाळली. मनूचाही कॅटलॉग आहे, दहाव्या अध्यायात. शूद्र बाप, ब्राह्मण आई, लेकरू चांडाळ. फक्त त्याच्या बाजारात संकराचा भाव उतरतो.

पण दोस्तहो, मनूला शिव्या घालणं सोपं आहे. माझा बाप गिरणीतला, 1982 च्या संपात घरी बसलेला. आम्ही पूर्वीचे महार, आता बौद्ध. 1991 साली, म्हणजे ऐन जन्मशताब्दीत, मी मातंगाची पोरगी केली. ज्यांच्या बरोबर 14 एप्रिलला निळा झेंडा घेऊन नाचलो, त्यातले निम्मे लग्नाला फिरकले नाहीत. आई म्हणाली, "बाबासाहेबाचं ऐकावं रं, पर एवढं?" तिकडं सासरे बायकोला म्हणाले, "म्हाराच्या घरात पाणी पिणार व्हय तू?" दोन्ही शेतांत राखणदार बसलेले. दोघंही गावकुसाबाहेरचेच.

आता थोरलीचं लग्न जमवतोय. आलेली मंडळी चहा पितात, क्रांतीचं बोलतात, बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडतात. चपला घालताना हळूच विचारतात, "आईकडचं काय म्हणालात?"

चाळीतला एक जुना कार्यकर्ता काल येऊन सुचवून गेला, बायोडाटात 'आईचं माहेर' ही ओळ कोरी ठेवा, पोरीचं भलं होईल. तो गेल्यावर थोरलीनं माझ्या खिशातलं पेन काढलं आणि ती ओळ भरली. मोठ्या अक्षरात.