नूरी साल म्हणजे किती लांब?

उर्दू शाळेत विज्ञान शिकवताना हमखास घोळ होतो तो 'नूरी साल' या शब्दावर. मराठीत त्यालाच प्रकाशवर्ष म्हणतात. दोन्हीकडे साल-वर्ष आहे, म्हणून मुले ते काळाचे माप समजतात. त्यातून 'नूर' हा आमच्या घरांत दीनचा शब्द. फरिश्ते नूराचे, हे मुलांना मकतबातच कळलेले असते. एका मुलीने आम्हाला विचारले, "सर, नूरी साल मतलब फरिश्तों का साल क्या?" वर्ग हसला. पण तिने निदान विचारले तरी. बाकीच्यांनी शब्द नुसता पाठ केला होता.

खरे तर काळाने अंतर सांगण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. 'तालुका एसटीने तासाभरावर' असे आपण म्हणतोच. हनफी फिकहमध्ये मुसाफिर कोण, हे तीन दिवसांच्या वाटचालीवरून ठरते; पुढे उलेमांनी त्याचे मैल-किलोमीटर केले. एवढे सांगितले की मुलांच्या ध्यानात येते. तिथे चालतो तो माणूस, इथे चालतो तो प्रकाश.

मग फळ्यावर हिशेब मांडायचा. प्रकाश सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर जातो. मिनिटाला 1 कोटी 80 लाख, तासाला 108 कोटी, दिवसाला 2,592 कोटी. त्याला 365 ने गुणले की 9,46,080 कोटी, म्हणजे जवळजवळ साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. हे एक नूरी साल. इथे आणखी एक गंमत आहे. उर्दूतला खरब म्हणजे शंभर अब्ज, तर मराठीतला खर्व म्हणजे दहाच अब्ज. शब्दांवर विसंबलो तर दहापटीची चूक. म्हणून शून्ये मोजायची आणि दहाचा घात लिहायचा.

एवढे झाले की आकाश जवळचे वाटू लागते. चंद्राचा प्रकाश सव्वा सेकंदात येतो. ईदचा चांद दिसतो तो तेवढाच जुना. सूर्याचा प्रकाश आठ मिनिटे वीस सेकंदांत येतो. सूरह नज्ममध्ये ज्याचा उल्लेख आहे तो शिअरा, मराठीतला व्याध, 8.6 प्रकाशवर्षे दूर आहे. अल-ताइर, म्हणजे आपले श्रवण नक्षत्र, सुमारे 17. दहावीच्या मुलाला आज दिसणारा त्याचा प्रकाश तो जन्मण्यापूर्वी निघालेला असतो. अल-दबरान, म्हणजे रोहिणी, सुमारे 65; तिचा प्रकाश त्याच्या दादीच्या जमान्यातला.

ताऱ्यांची ही अरबी नावे आमच्या जलशांतून मोठ्या अभिमानाने सांगितली जातात. अभिमान असावा, पण नाव सांगून भाषण संपते, हे आम्हाला खटकते. अब्दुर्रहमान अल-सूफींनी इ.स. 964 च्या सुमारास ताऱ्यांवर ग्रंथ लिहिला. टॉलेमीची यादी समोर असताना त्यांनी ताऱ्यांचे तेज स्वतः पाहून पुन्हा नोंदवले. देवयानीजवळचा एक लहानसा 'ढग'ही त्यांनी टिपला. तो ढग म्हणजे सुमारे 25 लाख प्रकाशवर्षांवरची स्वतंत्र दीर्घिका, हे विसाव्या शतकात एडविन हबल यांच्या कामातून सिद्ध झाले. ताऱ्याचे अंतर प्रथम भरवशाने मोजले ते बेसेल यांनी, 1838 मध्ये. ज्ञान असे एकाच्या नोंदीवर दुसऱ्याने हिशेब करून वाढत आले. आमचा वाटा नावांपुरता उरू नये.

हे लिहिण्याचे कारण निराळेच आहे. उर्दू माध्यमातून दहावी झालेली मुले अकरावी सायन्सला जातात तेव्हा सगळे इंग्रजीत येते. नूरी सालचे 'लाइट इयर' होते. हुशार मुले, विशेषतः मुली, पहिल्या दोन महिन्यांतच घाबरतात आणि 'सायन्स अपने बस का नहीं' म्हणून शाखा बदलतात. घरचेही फार आग्रह धरत नाहीत. भाषा बदलते हे खरे, आणि तिची तयारी आम्हा शिक्षकांनी आठवीपासूनच करून घ्यायला हवी. पण ज्या मुलीने 2,592 ला 365 ने स्वतः गुणले आहे, तिला फक्त नवा शब्द शिकायचा असतो. उर्दू उजवीकडून लिहितात, मराठी-इंग्रजी डावीकडून. आकडे मात्र तिन्हींत डावीकडूनच लिहिले जातात. पालकांना आमची एवढीच विनंती आहे की शाखा बदलण्याच्या अर्जावर सही करण्यापूर्वी मुलीची गणिताची वही एकदा उघडून पाहावी.